काळा तपासताना

मुलासाठी का, असं दुकानातल्या पोरानं विचारलं,
कॅनडा कॉर्नरला, दुसऱ्या मजल्यावर,
आणि मी हो म्हणालो.
मुलगा नाही मला. मुलगी आहे,
ती जर्मनीत, आणि तिला गेमचा कंटाळा.
पण चोपन्नाव्या वर्षी एवढे पैसे
स्वतःसाठी मोजताना
जीभ आपोआप दुसरीकडे वळते.

सत्तावीस वर्षं मी प्रेसमध्ये छापील ताव तपासले.
ताव उजेडाला धरायचा,
रेघ तुटली का, शाई फुटली का,
आकडा केसभर सरकला का,
आणि लाल पेन्सिलीनं फुली.
घरी आलो तरी डोळे थांबायचे नाहीत.
हेमलता म्हणायची,
माझ्या पोळ्यांवर तेवढी फुली मारू नका.

मग मोतीबिंदू आला.
सगळं जग चहात बुडवून काढलेलं,
काळ्याचा तपकिरी झालेला,
आणि मला, मला, ते कळलंसुद्धा नाही.
उजवा डोळा मार्चमध्ये झाला, डावा एप्रिलात.
पट्टी सुटली त्या दुपारी
हेमलताच्या केसांत मला
काळा आणि लावलेला काळा
वेगवेगळे दिसले.
बोललो नाही.
पण तेव्हापासून काळा रंग डोक्यात बसला.

खोकं रिक्षात मांडीवर घेतलं.
द्वारकेच्या सिग्नलला रिक्षावाला म्हणाला, टीव्ही का काका?
म्हटलं, नाही, मॉनिटर.
त्याच्या कानावर तो हॉस्पिटलातला पडला.
जेल रोडपर्यंत एकही खड्डा लागू न देता,
रेडिओ बंद करून, त्यानं आणलं मला,
आणि सुटे वीस रुपये घेतलेच नाहीत.
होतील बरे, म्हणाला.

थर्माकोल द्राक्षांच्या पेटीसारखा कुरकुरला.
स्टँडचे पाय शिलाई मशीनच्या टेबलावर मावेनात,
म्हणून मशीन खाली उतरलं
आणि त्याबद्दल अजून ऐकून घेतोय.
वायर वीतभर आखूड.
पडदा मात्र इतका पातळ
की उचलताना मी श्वास धरला,
ओला ताव उचलावा तसा.

चार दिवस येईल त्याला दाखवत होतो,
बघा कसं लोण्यासारखं सरकतंय.
पाचव्या दिवशी वरच्या मजल्यावरचा निहार पगारे आला,
बारावीचा, चप्पल न काढता,
सेटिंगमध्ये शिरला आणि म्हणाला,
काका, हे साठवरच चाललंय.
दोनशे चाळीसचा घेतलाय ना तुम्ही?
एक टिचकी.
गाडी वळली, आणि रस्त्याकडेचा खांब
खांबच राहिला, धूर झाला नाही.
सत्तावीस वर्षांचा तपासनीस मी.
निहार एक चकली उचलून गेला.

त्या रात्री खोलीतले दिवे मालवले.
खेळातला रस्ता, खेळातला घाट, चिटपाखरू नाही,
आणि हेडलाइटच्या पलीकडे काळा.
माझ्या जुन्या पडद्यावर रात्र राखाडी असायची,
मागून कुणीतरी बत्ती धरल्यासारखी.
इथं तसं नाही. इथं काळा म्हणजे
तेवढ्या जागेचा दिवाच बंद.
पडदा कुठं संपतो, खोली कुठं सुरू होते
ते बोटानं चाचपावं लागलं.

सहाव्या दिवशी राहवेना.
पूर्ण पांढरं चित्र लावलं, जुनं भिंग काढलं,
आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून
ओळीनं निघालो, सवयीनं.
खाली उजवीकडे, चार बोटं आत,
एक टिंब. पेटत नव्हतं.
प्रेसमध्ये अख्खा ताव रद्द झाला असता.
परत द्यायला एक दिवस हातात होता,
बिल ड्रॉवरमध्ये, खोकं माळ्यावर.
मी काळं चित्र लावलं.
टिंब काळ्यात मिसळून गेलं.
पुन्हा पांढरं. आहे.
पुन्हा काळं.
हेमलता दारातून म्हणाली, काय चाललंय उघडझाप?
खोकं माळ्यावरच राहिलं.

आता खेळून उठलो, बटण दाबलं,
की त्याचा छोटा दिवा लुकलुकत राहतो सहा-सात मिनिटं.
एकाच जागी उभं राहिलेलं चित्र
डाग पाडून जातं म्हणे,
म्हणून तो एकेक ठिपका चाचपून घेतो.
अंधारात हेमलतानं विचारलं, बंद केलात ना?
म्हटलं, केला. आता तो स्वतःला तपासतोय.
तिनं कूस बदलली.
फुली मारतो का, म्हणाली.