कडुलिंबाचा मणी

पंखा बंद.
मार्च संपत आलेला, पत्र्याखाली दुपारचे दोन,
आणि पंखा बंदच ठेवावा लागतो,
नाहीतर ज्योत मान वळवते
आणि काच भलतीकडेच मऊ होते.

भिंतीपलीकडे दहा माग. टॉवेल निघतात तिथे.
माझ्या टेबलाचा एक पाय त्यांच्या ठेक्यात थरथरतो.
त्याच्याखाली चादरीची चिंधी घडी करून घातलीय,
तरी चुकते एखादी पाकळी.

तारा सायकलच्या चाकाच्या.
रफीकभाईंनी तीस दिल्या, मोडक्या, फुकट;
विचारलं, ताई, गाडी कुठली बनवताय?
रात्री त्या शाडूत बुडवून उभ्या वाळवते,
म्हणजे मणी तारेला चिकटून बसत नाही,
निघताना निघतो.

सुरुवातीला काहीच कळत नव्हतं.
हिरवा चुडा फुटलेला होता घरात, सोड्याची बाटली होती,
दोन्ही एकत्र वितळवली, काय सुंदर दिसलं!
मध्यरात्री राखेच्या डब्यातून आवाज: टिक्.
सकाळी मणी दोन फाकांत.
बांगडीची काच आणि बाटलीची काच
तापताना गळ्यात गळे घालतात,
निवताना एकमेकींना ओढतात.
एका मण्यात नांदत नाहीत.

पुण्याच्या दुकानाने फोनवर चित्र धाडलं:
वसंत मालिका. गुलाबी फुलं, पाच पाकळ्या,
कुठल्याशा थंड मुलखातली. साठ मणी, पाडव्याच्या आत.
ते झाड मी पाहिलेलं नाही.
पण नानांनी तरी कुठे पाहिला होता गुलाब,
तीस वर्षं चादरींवर फुलवला तो?
साखर पेठेतल्या खोलीत, कंदिलाखाली,
आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवत.
देठाला तीन चौकटी, काट्याला एक,
मग पुठ्ठ्याला भोकं, भोकांमागून सुया,
आणि गुलाब निघायचा जिन्यासारखा, पायऱ्यापायऱ्यांचा.
लोकांनी तो पांघरला. कुणी तक्रार केली नाही.

मी गुलाबी काचेची सळई ज्योतीत धरते,
चिमट्याने ओढते, केसाएवढी बारीक दोरी,
तिचं टोक मण्यावर टेकवते, पाच ठिपके,
आणि दाभणाने प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध
एकच ओढ, आत.
ठिपका पाकळी होतो. श्वास रोखून. एकोणसाठ वेळा.

साठाव्याला गुलाबी संपली.

अंगणातला कडुलिंब तेव्हा भरात होता.
मागावरची कापसाची लव उडून त्याच्यावर बसते वर्षभर,
म्हणून मोहर कुठला, लव कुठली,
नाक लावल्याशिवाय कळत नाही.
नाना पाटी घेऊन खाली उभे, उगादीच्या पचडीसाठी
वेप पुव्वु झटकून घेत होते,
चिंच, गूळ, कैरी आत तयार.
मी एक फूल उचललं. पाच पाकळ्या.
मध्ये पिवळट नळी, तांदळाच्या कणीएवढी.

पांढरी काच हट्टी, उशिरा वितळते, पटकन धुरकटते.
तीन मणी वाया गेले.
चौथा राखेत ठेवला आणि रात्रभर
झोपेत कान डब्याकडे.

साठ मणी पुण्याला गेले.
बाराव्या दिवशी एक परत आला,
कापसात गुंडाळलेला, सोबत चिठ्ठी:
याचा रंग उतरला आहे, बदलून द्यावा.

नानांनी तो खिडकीशी धरला.
अंगठ्याच्या नखाने मोजू लागले,
जशा चौकटी मोजायचे तसे; मध्येच थांबले.
"इतकं बारीक," म्हणाले, "माझ्या कागदात बसलं नसतं."
मग टॉवेलचा दोरा पिळून घेतला
आणि मणी ओवला चष्म्याच्या दोरीत.

आता ते पेपर वाचायला वाकले
की फूल भिंगावर आपटतं: टिक्.
आणि मी, सळई ज्योतीत असताना,
दर वेळी राखेच्या डब्याकडे बघते.