बारावा गडी

एसटी स्टँडवरचा पार्सलवाला
अप्पांच्या खांद्यावरची गुंडाळी बघून म्हणाला,
चादरी न्या, शेंगाचटणी न्या, डाळिंबाच्या पेट्या न्या,
हे जमायचं नाही ओ मामा.
कागद दाखवा नाहीतर साहेब आणा, नाहीच.
आणि अप्पा, म्हणजे मल्लिनाथ बिराजदार,
बावीस वर्षं बँकेच्या दारात स्टुलावर बसलेले,
बरोबर आहे म्हणाले,
जणू त्या खिडकीचीच परीक्षा घ्यायला आले होते.

गिऱ्हाईक लातूरकडचं. पेट्रोल पंपावरचा राखणदार,
त्याच्या परवान्यावर जागा मोकळी,
अप्पांच्या परवान्यावर भरलेली.
मधे दोन दुकानदार, एक इथला, एक तिथला,
आयुक्तालयाचं ना-हरकत,
शिवाय एक परवाना नुसता प्रवासाचा.
माणसाला लागत नाही तो, लोखंडाला लागतो.

माझ्या लग्नाला एवढे कागद नव्हते लागले, आई म्हणाली,
आणि नळ्या वेगळ्या, दस्ता वेगळा,
तेलाच्या फडक्यानं पुसून
तिनंच मोराच्या चादरीत बांधलं,
घट्ट, कोपरे आत दुमडून.
काडतुसांची पिशवी माझ्याकडे.
एका जागी ठेवायचं नाही, अप्पा म्हणाले.
एवढंच म्हणाले.

रिक्षावाला आरशातून:
क्रिकेटचं किट काय काका?
हो, अप्पा म्हणाले.
बावीस वर्षं बारावा गडी.

दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात राहायला जायची.
बँकेचं पत्र दाखवून अप्पा तिला सोडवून आणायचे.
परत आली की नळीतून आभाळ बघायचे
अंगणात, एक डोळा मिटून.
खंडेनवमीला हळदकुंकू.
बाकी वर्षभर कपाटावर,
किल्ली अप्पांच्या करदोट्याला.

शेखभाईंच्या दुकानात
काचेमागं मासे धरायच्या काठ्या, दोन एअरगन, धूळ.
रजिस्टर उघडलं, चष्मा पुसला.
नंबर?
अप्पांनी न बघता सांगितला, सगळे आकडे.
शाळेच्या फॉर्मवर माझी जन्मतारीख
याच माणसानं दोनदा खोडली होती.

विकायचं कारण?
पेन थांबलं.
पंखा भिंतीवरचं कॅलेंडर
पुढच्या महिन्यात नेऊन परत आणत होता.
मग अप्पांनी लिहिलं: डोळा.
कुठला, ते शेखभाईंनी विचारलं नाही.

मी पिशवी काउंटरवर ओतली.
शेखभाईंनी मोजलं. पुन्हा मोजलं.
परवान्यावर दहा आहेत की, बिराजदार.
ही नऊ.

मी घाबरले. पिशवी उलटी केली, झटकली,
रिक्षा आठवली, तिचा नंबर आठवेना.
अप्पांनी शर्टाच्या वरच्या खिशातून,
जिथं त्यांची पासाची डायरी असते,
रुमालात बांधलेलं एक काढलं.
लाल. हलकं. रिकामं.
पितळी बुडाला मधोमध टोचा.

हवेत, अप्पा म्हणाले.
कधी, ते सांगितलं तारखेसकट,
बँकेतल्या नोंदीचा नंबरही.
मी तेव्हा सात वर्षांची.
त्या दिवशीही ते साडेसहाला घरी आले असतील,
चहा घेतला असेल,
माझ्या वहीवर सही केली असेल.
आईला तरी ठाऊक होतं का?

शेखभाईंनी लिहिलं, भरलेली नऊ, रिकामं एक.
शिक्का मारला. तो नीट उठला नाही,
फुंकर घालून पुन्हा मारला.

बाहेर ऊन, सोलापूरचं, डोक्यावर हात ठेवणारं.
अप्पांनी दोन सोडा सांगितले.
कुणावर, असं माझ्या तोंडापर्यंत आलं,
आणि बाटलीतली गोटी फटकन आत गेली.
अप्पा दचकले.
मग माझ्याकडं बघून हसले,
आणि पावती उन्हात धरून
नंबर एकेक आकडा करून वाचू लागले,
बरोबर आहे का बघायला,
डाव्या डोळ्यानं.

चादर माझ्या मांडीवर.
अजून लांबट.