दुसऱ्या दिवशीच

काल सकाळी नेली, आज दुपारी सोडली.
नर्स नीलव्वा म्हणाली, "आराम तगोरी,"
आणि हातात तीन कागद ठेवले.
एक कानडी. एक इंग्रजी.
तिसऱ्यावर नुसता आकडा, तो सगळ्यांनाच वाचता आला.
मराठीत काहीच लिहिलेलं नव्हतं.
मराठीत पोट दुखत होतं.

पुंडलिकच्या टेम्पोत पुढे बसले, उशी पोटाशी धरून.
पिरनवाडी, नावगे, किणये.
गतिरोधक मोजत होते, अकरानंतर सोडून दिले.
कुसमळीच्या पुलावर त्यानं गाडी एवढी हळू घेतली
की मागचा बसवाला
दोन्ही भाषांत शिव्या घालून पुढे गेला.

जांबोटीत, दारात सासू.
"आलीस पण? चालत?"
तिच्या जावेला सिव्हिलात अठरा दिवस ठेवलेलं,
घोंगड्यात घालून चौघांनी आणलेली.
त्याला म्हणायचं ऑपरेशन.

ऑपरेशन खाली, आणि दुखतोय उजवा खांदा.
डॉक्टरीण म्हणाली, पोट फुगवायला भरलेला वायू आहे,
जाईल दोन दिवसांत.
घरात कुणाला सांगू, खांद्यात वारं अडकलंय म्हणून?

पिशवी अजून बेळगावातच आहे, बरणीत.
दोन पोरं राहून गेली तिच्यात.
तिला डिस्चार्ज नाही, रिपोर्ट दहा दिवसांनी.

तिन्हीसांजेला रेमेत मावशी आली,
दार ओढून घेतलं, म्हणाली, "दाखव."
बेंबीत एक, बाजूंना दोन,
जोंधळ्याएवढे टाके.
मग तिनं स्वतःचं लुगडं सरकवलं:
बेंबीपासून खाली, दाभणानं शिवलेल्या पोत्यासारखं.
बराच वेळ दोघी बघत राहिलो.
"माझं बघून लोक पाणी आणून द्यायचे," ती म्हणाली.
"तुझं कुणाला खरं वाटायचं नाही गं.
तूच धर खरं."

दीड महिना वजन नको.
वजन म्हणजे किती, मी विचारलेलं.
भरलेली बादली नको.
सकाळी न्हाणीत गेले तर बादली अर्धीच होती,
आणि तिच्या शेजारी दुसरी, तीही अर्धी.
सासू चुलीपाशी पाठमोरी, काही बोलली नाही.

बाराची घंटा झाली.
शाळेत आज माझ्या जागी सुमित्रा.
एकशे चाळीस पोरांचं बिसियूट, ते पातेलं दोघींनी धरायचं,
मी एकटी उतरवायचे.
वाऱ्यावर वास आला. सांबार खाली लागलंय.
आच कमी करायला हवी होती, दहा मिनिटं आधी.

पाय आपसूक खाली आले.
मग वर घेतले.