उष्टावणाच्या आधी

सोमवारी मुहूर्त. चांदीची वाटी
फोंड्याहून आणलेली, अजून कापसातच.
आणि आज शनिवार.
सुलक्षा कुंडईला, कारखान्यात, दुसऱ्या पाळीला.
मी फेरीबोटीवरून येऊन
उकड्या तांदळाची पेज घेऊन बसलो,
मांडीवर उर्वी.

ती वाटीकडे बघत होती,
धक्का जवळ आला की
मी दोरीकडे बघतो तशी.

एक शीत बोटावर घेतलं, फुंकलं,
अंगठ्यानं चिरडलं. मीठ नाही, काही नाही.
बोट साबणानं तीनदा धुतलेलं,
तरी डिझेलचा वास थोडा असणारच.

आधी ते बाहेरच आलं.
खाजनातल्या मानशीचं दार
पाणी बाहेर सोडतं, आत घेत नाही,
तशी तिची जीभ.
हनुवटीवरून निपटून परत आत सारलं.
कपाळाला आठी,
कुणी जुनी उधारी मागितल्यासारखी.
मग गळ्यात एक लहानसं
गुडुक.

पुन्हा तोंड उघडलं.
मी घड्याळात बघितलं, उगाच.
सात वाजून दहा.

वाटी धुऊन पालथी घातली,
कुणाला बोललो नाही.

सोमवारी देवळात, मामाच्या मांडीवर,
खिरीचा चमचा अजून हातभर लांब
आणि हिनं आ केलेला, अगदी सराईतासारखा.
सगळे हसले. भटजीसुद्धा.
मी वर घंटेकडे बघत राहिलो.

सुलक्षा कानाशी आली, हळूच:
"रागावू नको हां. बुधवारी मी
रसबाळी केळं चाटवलं होतं तिला,
इवलंसं."

म्हणजे दुसरा, मी.