नोंदीबाहेर

हेल्डुर निवृत्त झाला आणि त्याचा लॅपटॉप
माझ्या टेबलावर आला. चार्जरच्या वायरीला चिकटपट्टी,
स्पेसचं बटण झिजून गुळगुळीत.
टार्टू, नोव्हेंबर. चारलाच खिडकीत अंधार.
काम सोपं: आत काय आहे ते पाहायचं
आणि ताबा घेतला म्हणून सही ठोकायची.

आधी विचारलं, नोंदीत काय काय आहे?
सरसर उतरल्या नऊशे बारा फाइली,
गणवेशातल्या. प्रत्येकीला जन्मतारीख,
कुणी कधी कुठली ओळ बदलली त्याचा दाखला.
पाइप्सी सरोवराच्या बर्फाची जाडी
वाऱ्यावरून, थंडीवरून, उपग्रहाच्या चित्रांवरून
काढतात ही सगळी मिळून, रोज सकाळी सहाला.

मग विचारलं, नोंदीबाहेर काय आहे?
लाल अक्षरांत आली ती मंडळी,
आवतण नसताना पंगतीला बसलेली.
'अहवाल-शेवटचा', 'अहवाल-खरंच-शेवटचा',
चाचण्यांचा कचरा, दातांच्या डॉक्टरचं बिल,
'बघू' नावाची एक फाइल, आत काहीच नाही.
ती मी पुसली नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही.

पण हिशोब जुळेना.
गेल्या फेब्रुवारीची एकच तारीख दोन्ही मशीनवर चालवली:
माझ्यावर वार्न्यासमोरचा बर्फ बेचाळीस सेंटिमीटर,
त्याच्यावर छत्तीस.
सहा सेंटिमीटरांत एक मोटार बुडते.

तेव्हा तिसरा प्रश्न विचारला, जो सहसा कुणी विचारत नाही:
ज्यांच्याकडे बघू नकोस असं तुला बजावलंय, तेही दाखव.
एकच नाव आलं. झिनोवी.

फाइल नोंदीत नाही.
हिच्याकडे बघू नकोस, ही ओळ मात्र नोंदीत आहे,
हेल्डुरच्या नावाने, दोन हजार अकरा, रविवार, रात्री सव्वाअकरा.
झाकलेलं दिसत नव्हतं,
झाकणारा हात दिसत होता.

आत बारा हिवाळे.
'खांबापाशी एकेचाळीस. आवाज बरा.'
'अडतीस. खालून पाणी ढकलतंय.'
'बर्फ कण्हतोय म्हणाला. गाडी नको, घसरगाडी चालेल.'
'आज फक्त कांद्यांबद्दल बोलला.'

हेल्डुरला फोन लावला.
बराच वेळ त्याच्या किटलीचाच आवाज.
मग म्हणाला, अट त्याचीच होती.
रोज पहाटे भोक पाडून मोजीन, फोनवर सांगीन,
पण कुठल्या दप्तरात माझं नाव घालायचं नाही.
एकोणपन्नासच्या मार्चमध्ये गावात यादी आली होती,
टंकलेली, स्वच्छ, शुद्धलेखनाची एक चूक नाही.
आई यादीत होती.
मावशीचं नाव राहून गेलं कुणाच्या तरी हातून.
त्या रात्री हा मावशीकडे झोपलेला.

"म्हणून फाइलला त्याचंच नाव दिलंस?" मी विचारलं.
हेल्डुर हसला की खोकला, कळलं नाही.
"मला कुठलं दुसरं नाव सुचणार होतं?"

नियम स्पष्ट आहे. नोंदीत नसलेल्या गोष्टीवर
चालणारं काही आम्ही चालू ठेवत नाही.
एक शब्द टाइप करायचा, फाइलचं नाव,
एक ओळ कारण. चार सेकंदांचं काम.
कारणाच्या रिकाम्या जागेत कर्सर लुकलुकत राहिला.
मी आकडे तेवढे वेगळे काढले,
तारीख, खांब, सेंटिमीटर. ते नोंदवले.
बाकीचं, कण्हणं आणि कांदे,
पेनड्राइव्हवर घेऊन हातानेच माझ्या मशीनवर उतरवलं.
बरोबर केलं का? वरिष्ठांनी विचारलं तर सांगेन.
अजून कुणी विचारलेलं नाही.

जानेवारीत एका पहाटे फोन वाजला.
बाईचा आवाज, रशियन वळणाचं एस्टोनियन,
मागे कुत्रं भुंकतंय.
"खांबापाशी तेहतीस," ती म्हणाली. "आवाज मला कळत नाही अजून.
काकाला कळतो, पण तो आता बाकावर बसूनच ऐकतो."
मी नाव विचारणार होते.
"तेहतीस," मी म्हटलं. "उद्याही करा फोन."