साडेपाच पौंड तासाला

पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलंय.
'प्रिय नेरिस,
येत्या एप्रिलपासून माझा दर
तासाला साडेपाचऐवजी सहा पौंड राहील.'
इथवर ठीक.
पुढचं वाक्य काही केल्या येत नाही,
आणि टेबलाखाली तिचा मॅक्सेन
माझ्या सपातेत वाटाणे भरतोय,
एकेक, बँकेतल्या माणसासारखा.

बँकेत मीही होते, काउंटरवर, एकवीस वर्षं.
शाखा बंद झाली. तिथे आता नखं रंगवून देतात.
आकड्यांना मी भीत नाही.
नेरिसला इस्पितळाच्या धुलाईघरात
तासाला बारा पौंड.
त्यातले साडेपाच माझे.
मग कर, बसचं भाडं,
यंत्रातली ती पांचट कॉफी.
साठातली अठरा मिनिटं उरतात
तिची, तिच्या घराची.
त्यातली अडीच मी आता मागणार.

तिची सासू म्हणालीच होती म्हणे,
नाकापेक्षा मोती जड, त्यापेक्षा घरी बस.
पण पोलादाची भट्टी विझल्यापासून
घरी बसायला आधीच एक जण आहे,
आणि एका सोफ्यावर दोन माणसं
दिवसभर किती वेळ गप्प बसणार?

माझीही बाजू आहे. कच्च्या कागदावर तरी लिहिते.
विमा. तपासणीची फी. जिन्याला फाटक.
दिवसभर हीटर,
कारण रांगणाऱ्याचं सगळं जग फरशीवर असतं.
केळी, दूध, पुन्हा केळी.
आणि पाठ. पाठीचं बिल कुणाच्या नावावर फाडायचं?
लोक म्हणतात, घरबसल्या पैसे, खेळायचंच तर असतं.
हो, खेळायचंच असतं.
सकाळी सातला मी गाय होते,
नवाला बस,
जेवणानंतर मेलेली गाय (हे त्याला फार आवडतं,
मलाही, कारण आडवं होता येतं).

ब्रिस्टलला माझी लेक, ग्वेनान.
तिच्या मुलीला झोफिया सांभाळते, तासाला आठ पौंड.
दर महिन्याला दोनशे मी पाठवते.
म्हणजे नेरिसची नोट माझ्या मुठीत
ऊब धरायच्या आत पूल ओलांडून जाते.
झोफिया ती पुढे कुठे धाडते, विचारलं नाही.
पोलंडात तिची म्हातारी आई असेल,
तिच्यापाशी बसणारी आणखी कुणी असेल,
तीही घड्याळाकडे बघत असेल.

घड्याळावरून आठवलं.
करारात कलम आहे, माझंच:
सहानंतर दर दहा मिनिटांना दोन पौंड.
एकशेदहा नंबरची बस कधीच वेळेवर येत नाही.
जानेवारीत स्वयंपाकघरातलं घड्याळ बंद पडलं,
सहाला पाच कमी असताना.
तेव्हापासून नेरिस धापा टाकत येते,
वर बघते, म्हणते, 'आले बाई वेळेत.'
'आलीस,' मी म्हणते.
बाहेर दिवे लागून अर्धा तास झालेला असतो.

आज आली तेव्हा तिच्याही हातात पाकीट.
माझं एप्रनच्या खिशात.
ताकाला जाऊन भांडं लपवावं, तशा दोघी
हवेबद्दल बोललो, मॅक्सेनच्या दाताबद्दल बोललो.
मग तीच म्हणाली, खाली बघत,
'पुढच्या महिन्यापासून तीनच दिवस, ग्लेनिस.
मंगळवार-गुरुवार त्याचा बाप बघेल.
त्याला गाय जमत नाही अजून, पण शिकेल.'
मी म्हटलं, 'शिकेल की.
आडवं पडलं तरी चालतं म्हणावं.'
ती हसली. मोज्यातून पाय बाहेर काढणाऱ्या मॅक्सेनला
तिने तसंच उचललं.

तीन दिवस. सहा पौंडांनी काय, साडेपाचांनी काय,
मी वहीत मांडून बघितलं. नंतर वही मिटली.

झोपताना सपाता झटकल्या.
वाटाणे अकरा. एक चेपलेला.
ड्रॉवरमध्ये घड्याळाचा सेल आहे,
नवा, अजून पाकिटातच.
पत्र त्याच्यावर ठेवलं.