रंग सुटणारी वेल

माग भंगारात गेले
तेव्हा यांनी चार अँगल तेवढे ठेवून घेतले.
भंगारवाला म्हणाला, राजमल्लू अण्णा, किलोमागं एकतीस देतो,
याचं काय करणार?
यांना ऐकू आलं नाही.
तीस वर्षं सांच्यापुढं उभ्या राहिलेल्या माणसाला
बरंच काही ऐकू येत नाही,
आणि उरलेलं तो ऐकत नाही.

कुंभारीच्या घरापुढं नऊ बाय सात मोकळी जागा.
चार अँगल रोवले, वर पाइप, पाइपांवर तारा.
तारा अशा ताणल्या की मला वाटलं
आता आडवा धोटा सुटणार.

मांडव झाला. वर काही नाही.
एप्रिलच्या उन्हात अंगणभर नुसत्या चौकड्या,
चादरीसारख्या,
पण पांघरता येईनात.

मग वेल कोणती, यात महिना गेला.

मी म्हटलं जाई.
नर्सरीतले सिद्रामप्पा म्हणाले, तुमच्याकडं नळ कितव्या दिवशी?
पाचव्या.
त्यांनी जाईची पिशवी हळूच सावलीत मागं सरकवली,
लहान पोरासमोर नको ते बोललो
असं तोंड करून.

शेजारच्या यल्लूबाई म्हणाल्या, गुळवेल लाव, तापावर चालते.
मला सावली पाहिजे होती, काढा नको.
श्रावंती हैदराबादहून फोनवर: मम्मी, बोगनवेल. फोटो मस्त येतात.
येत असतील.
पण ही बोटं दिवसाला हजार विड्या वळतात,
काट्यांना उसनी देता येत नाहीत.
यांना संक्रांतवेल पाहिजे होती,
गड्ड्याच्या दिवसांत भडक नारंगी फुलते ती.
संपली, म्हणाले सिद्रामप्पा, जानेवारीत या.
जानेवारीत ऊन कुठं असतं?

निघालो, तर फाटकावर मधुमालती.
विकायला ठेवलेलीच नव्हती.
फुटक्या कुंडीतून उठून
कुणाला न विचारता कमानीवर गेलेली.
संध्याकाळी पांढरी, सकाळी गुलाबी,
पुढं लालभडक.
एकाच घोसात तिन्ही.

यांनी फूल चिमटीत धरलं, चोळलं,
नखानं खरवडून उजेडात बघितलं, आणि
कमी ऐकणारी माणसं बोलतात तेवढ्या आवाजात म्हणाले,
"रंग पक्का नाही!"
गुलाबं निवडणारी एक बाई दचकली.
"उभ्या जन्मात रंग सुटलेली चादर
मी घडीत घातली नाही."

आमचा निम्मा संसार हातवाऱ्यांवर चालतो,
कारखान्यातनं आलेली सवय.
मी एक बोट दाखवलं: रोप एक.
तीन बोटं: रंग तीन.
मग पुन्हा एक, आणि अंगठा चोळून: पैसे एकाचेच.

सिद्रामप्पा पाठ करून हसले.
यांनी खिशात हात घातला.

भांड्यांचं पाणी, तांदळाचं पाणी, पाचव्या दिवसाचं एक तांब्या.
उरलेल्या सुतानं यांनी शेंडा अँगलला बांधला,
उजवीकडनं वेढा देऊन.
सकाळी तो सुटून डावीकडं.
पुन्हा बांधला. पुन्हा डावीकडं.
चौथ्या दिवशी सुताची गुंडी खुंटीला अडकवली.
"हिचा पीळ उलटा आहे," म्हणाले,
तक्रार नव्हती त्यात,
नवा कामगार आल्यावर बघतात तसं बघत होते.

अजून कमरेएवढीच आहे.
दुपारी तिची सावली पडते ती
एका विडीच्या पानाएवढी.
सूप घेऊन मी तिथंच बसते.
अंगठा मावतो.

काल तिन्हीसांजेला पहिलं फूल आलं. पांढरं.
रात्री दोनदा उठून
बॅटरी मारून बघून आले,
सुटला का.